समोरच्या खोलीत शिकवणी सुरू करताना

कन्हानहून आम्ही बोलतो आहोत, बचत गटांच्या समन्वयक. आजचा विषय घरच्या शिकवणीचा. आपल्याकडे बहुतेक बाया त्याला ट्युशन म्हणतात, म्हणून आम्हीही दोन्ही शब्द वापरू.

गटाच्या बैठकीत "मी काय धंदा करू?" असा प्रश्न निघाला की पापड, शिवणकाम, शेळी, किराणा ही नावे लगेच येतात. त्याच बैठकीत बारावी झालेली, कधी बी.ए. झालेली एक सून गप्प बसलेली असते. तिच्या शिक्षणाचा कोणी हिशोबच धरत नाही. संध्याकाळी मात्र शेजारची वहिनी मुलाला तिच्याकडे पाठवते, "ताई, जरा याचा अभ्यास बघून दे ना." ती बघून देते. रोज एक तास, वर्षभर, फुकट. म्हणजे शिकवण्याचे काम आपल्या गल्लीत चालूच आहे. पैसे तेवढे ठरलेले नाहीत.

कन्हान, कांद्री, टेकाडी या पट्ट्यात या कामाची गरज आहे. वेकोलिच्या खाणीत पाळीने जाणारा बाप, शेतावर नाहीतर नागपूर-कामठीला कामाला जाणारी आई, आणि पाच वाजता शाळेतून येऊन घरी एकटे बसलेले मूल, हे चित्र आपल्याला नवे नाही. दहावी-बारावीची मुले बस किंवा रेल्वेने कामठी-नागपूरच्या क्लासला जाऊ शकतात. दुसरी-तिसरीतले मूल एवढ्या दूर जाऊ शकत नाही. त्याला चालत जाता येईल अशीच ट्युशन लागते.

मी कशी शिकवणार?

पहिली शंका हीच येते. "मी काही डी.एड. नाही. मला कोण विचारेल?" यावर दोन खऱ्या गोष्टी सांगतो.

पहिली आपल्याच जिल्ह्यातली. जाईबाई चौधरी यांचा जन्म १८९२ साली उमरेडचा, दलित कुटुंबातला. नागपूर स्टेशनवर त्यांनी हमाली केली. एका मिशनरी बाईंच्या मदतीने त्या शिकल्या आणि मिशनच्या शाळेत महिना ४ रुपये पगारावर शिकवू लागल्या. जात कळल्यावर लोकांनी बहिष्कार घातला आणि नोकरी गेली. मग १९२२ साली त्यांनी नागपुरात मुलींसाठी संत चोखामेळा शाळा काढली. डोक्यावर ओझे वाहणारी बाई शिकली आणि वस्तीतल्या मुलींना शिकवू लागली, शंभर वर्षांपूर्वी.

दुसरी गोष्ट मुंबईची. प्रथम या संस्थेने महापालिकेच्या शाळांत 'बालसखी' नेमल्या होत्या. या त्याच भागातल्या तरुण मुली होत्या, शालेय शिक्षण पूर्ण केलेल्या. सुरुवातीला साधारण दोन आठवड्यांचे प्रशिक्षण, आणि मग तिसरी-चौथीतली मागे पडलेली पंधरा-वीस मुले वेगळी घेऊन रोज दोन तास शिकवायचे. मुंबई आणि बडोद्यात याचा अभ्यास अभिजित बॅनर्जी, एस्थर डुफ्लो आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी केला. तो २००७ मध्ये छापून आला. मुलांचे गुण वाढलेले दिसले, आणि सगळ्यात जास्त फायदा सगळ्यात मागे असलेल्या मुलांना झाला. या दोघांना पुढे २०१९ साली अर्थशास्त्राचे नोबेल मिळाले.

यातून आपल्या कामाचे एवढे कळते की पाचवीपर्यंतच्या मुलाला वाचायला आणि हिशोब करायला शिकवण्यासाठी मोठी पदवी लागत नाही. रोज येणे, मूल कुठे अडले ते ओळखणे आणि तिथूनच शिकवणे, हे लागते. दहावीचे बीजगणित किंवा बारावीचे विज्ञान ही वेगळी बाब. जे आपल्याला पक्के येत नाही ते घेऊ नका.

आधी दहा घरे फिरा

पाटी लावण्याआधी गल्लीतल्या दहा घरी जा आणि चार प्रश्न विचारा. मूल कितवीत आहे? शाळा कोणत्या माध्यमाची? आता कुठे शिकवणीला जाते का, आणि तिथे किती फी देता? संध्याकाळी किती वाजता पाठवणे जमेल?

माध्यमाचा प्रश्न आपल्याकडे फार महत्त्वाचा. एकाच गल्लीत जिल्हा परिषदेच्या मराठी शाळेत जाणारे मूल आहे, हिंदी शाळेतले आहे आणि कॉन्व्हेंटमधलेही आहे. घरी हिंदी बोलणारी कुटुंबेही बरीच. तुम्हाला इंग्रजी पुस्तक शिकवणे जमत नसेल तर आईला तसे स्पष्ट सांगा, "गणित आणि मराठी मी घेईन, इंग्रजीचे विषय घेणार नाही." पहिल्या दिवशी खरे बोललेले पुढे भांडण होऊ देत नाही.

दहापैकी सहा-सात घरे "पाठवतो" म्हणाली तर सुरू करा. दोनच म्हणाली तर वेळ किंवा वर्ग बदलून पुन्हा विचारा. तोवर सामान घेऊ नका.

सुरुवातीचा हंगामही बघा. विदर्भातल्या उन्हामुळे आपल्या शाळा बाकी महाराष्ट्रापेक्षा उशिरा, जूनच्या शेवटाकडे उघडतात. आईबाप वर्षाचा खर्च तेव्हाच ठरवतात. घरे फिरायची ती जूनच्या दुसऱ्या आठवड्यात.

मूल आले की आधी तपासा

पहिल्या दिवशी पुस्तक उघडू नका. प्रत्येक मुलाला एकेकटे बसवून दहा मिनिटे तपासा. 'असर' नावाची पाहणी २००५ पासून गावोगाव मुलांना असेच तपासते. ती पद्धत घरी सहज करता येते.

वाचनासाठी चार कागद करा. पहिल्यावर अक्षरे, दुसऱ्यावर सोपे शब्द, तिसऱ्यावर चार ओळींचा परिच्छेद, चौथ्यावर दुसरीच्या पातळीची छोटी गोष्ट. मूल कुठपर्यंत न अडता वाचते ते लिहून ठेवा. गणितासाठी एक ते नऊ अंक ओळखणे, मग दोन अंकी संख्या, मग हातचा घेऊन वजाबाकी, मग तीन अंकी संख्येला एका अंकाने भागणे.

मग मुलांना इयत्तेप्रमाणे न बसवता या तपासणीप्रमाणे बसवा. पाचवीतल्या मुलाला शब्द वाचताना अडत असेल तर त्याला पाचवीचा धडा पाठ करून घेण्यात अर्थ नाही. त्याची आई म्हणेल, "माझा मुलगा पाचवीत आहे, तुम्ही याला दुसरीच्या पोरांसोबत कसे बसवले?" तिला तो कागद दाखवा, तिच्यासमोर मुलाकडून वाचून घ्या आणि सांगा की दोन-तीन महिने वाचन पक्के करू, मग पुस्तकावर येऊ. हे मुलासमोर त्याला कमी लेखून बोलू नका. मूल लाजले की येणे बंद करते.

दीड तासाची वाटणी अशी करता येते. पहिली वीस मिनिटे वाचन, सगळ्यांनी मोठ्याने आणि मग एकेकाने. पुढची तीस मिनिटे गणित, त्यात काड्या, चिंचोके, खोट्या नोटा वापरा. मग तीस मिनिटे शाळेचा गृहपाठ. शेवटची दहा मिनिटे गोष्ट किंवा पाढे. गृहपाठातच सगळा वेळ घालवला तर वही भरते, पण वाचता येत नाही ते तसेच राहते.

पुस्तके विकत घेण्याची घाई नको. सरकारी आणि अनुदानित शाळेत आठवीपर्यंत पाठ्यपुस्तके मोफत मिळतात, आणि बालभारतीची पुस्तके तिच्या संकेतस्थळावर मोफत उतरवून घेता येतात.

भांडवल किती?

आम्ही एक नमुना हिशोब देतो. तुमच्या दुकानातले भाव विचारून आकडे बदला.

फळा आणि खडू ८०० रुपये. दोन सतरंज्या ९००. गोष्टींची छोटी पुस्तके ५००. हजेरी आणि हिशोबाच्या वह्या, पेन २००. चांगला दिवा आणि वायर ३००. पाण्याचा माठ, पेले ३००. एकूण ३,००० रुपये. टेबल-खुर्च्या पहिल्या वर्षी नकोत.

हे ३,००० रुपये गटाच्या अंतर्गत कर्जातून घेता येतात. समजा गटाचा व्याजदर महिना शेकडा २ रुपये आहे. जूनच्या शेवटी कर्ज घेतले आणि जुलैपासून दर महिन्याला ३०० रुपये मुद्दल फेडले, तर एप्रिलमध्ये दहा हप्त्यांत कर्ज संपते. व्याज उरलेल्या मुद्दलावर लागते, म्हणून पहिल्या महिन्यात ६० आणि शेवटच्या महिन्यात ६ रुपये. एकूण व्याज ३३० रुपये. एप्रिलमध्ये कर्ज संपवायचे कारण सोपे आहे. मे महिन्यात मुले मामाच्या गावाला जातात, फी येत नाही, आणि हप्ता मात्र उभा राहतो.

पुढे वाढवायचे असेल तर मुद्रा योजनेत 'शिशु' गटात ५०,००० रुपयांपर्यंत विनातारण कर्ज आहे. पहिल्या वर्षी त्याची गरज पडू नये. तीन हजारांत जे चालत नाही ते पन्नास हजारांतही चालेलच असे नाही.

फी मागायची कशी?

मैत्रिणींनो, शिकवणी बंद पडते ती बहुतेक वेळा इथे. शिकवणे जमते, पैसे मागणे जमत नाही. "शेजारच्यांकडून कसे घ्यायचे?", "जाऊबाईंचा मुलगा आहे", "सरस्वती विकायची का?" असे मनात येते. भाजीवाली शेजारणीकडून पैसे घेते, शिवणकाम करणारी ताई जावेच्या ब्लाउजचे पैसे घेते. तुमचा दीड तास तसाच कामाचा आहे. त्या वेळात तुम्ही दुसरे काही करू शकला असता.

हिशोब मांडून बघा. समजा १२ मुले आणि महिना ३०० रुपये फी. दोन मुलांची घरची स्थिती हलाखीची, त्यांना अर्धी फी. म्हणजे १० मुलांचे ३,००० आणि २ मुलांचे ३००, एकूण ३,३००. एका घरची फी महिनाभर थकली असे धरा, हातात आले ३,०००. त्यातून वीज, खडू, झेरॉक्सचे ३०० आणि पहिल्या हप्त्याचे ३६० वजा केले तर उरले २,३४० रुपये. महिन्याचे २६ दिवस, रोज दीड तास शिकवणे आणि अर्धा तास तयारी, झाले ५२ तास. तासाला ४५ रुपये पडले. ही रक्कम तुमच्या भागातल्या निंदणाच्या रोजीशी ताडून बघा. कमी वाटली तर फी वाढवावी लागेल किंवा दुसरी तुकडी घ्यावी लागेल. ही गोष्ट जूनमध्येच कळलेली बरी.

फी ठरवताना या पाच गोष्टी पाळा.

एक, फी महिन्याच्या सुरुवातीला, ठरलेल्या तारखेपर्यंत. आपल्याकडे पगार कोणाचा १ तारखेला, कोणाचा ७ तारखेला, तर मजुरी आठवड्याला. म्हणून १० तारीख सोयीची. आठवड्याची मजुरी असणाऱ्या घराला फी चार भागांत द्यायची सवलत द्या.

दोन, फी सगळ्यांना सारखी सांगा. सवलत किती मुलांना द्यायची ते आधी ठरवा, बारात दोन. तिसरे घर आले तर "या वर्षी जागा भरल्या" असे सांगता येते. सवलत कोणाला दिली हे मुलांना कळता कामा नये.

तीन, पावती द्या. साधी पावती पुस्तिका मिळते. पावती असली की "मी तर दिले होते" हा वाद होत नाही.

चार, दिवाळीच्या सुट्टीत फी घ्यायची की नाही हे जुलैमध्येच सांगून ठेवा.

पाच, थकलेली फी मुलाला विचारू नका. आईला विचारा, तेही चारचौघींत नाही. दोन महिने थकली तर घरी जाऊन बसून बोला. अडचण खरी असेल तर वाट बघा, पण किती दिवस ते ठरवून.

नात्यातल्यांसाठी आम्ही एक वाक्य सुचवतो. "वहिनी, गटाचे कर्ज काढून सुरू केले आहे, हिशोब बैठकीत दाखवावा लागतो." हे खरे असते आणि समोरचीला वाईटही वाटत नाही.

कायद्याचे थोडेसे

शिक्षण हक्क कायदा १ एप्रिल २०१० पासून लागू आहे. त्याच्या कलम २८ प्रमाणे शाळेत नोकरी करणाऱ्या शिक्षकाने खासगी शिकवणी घेणे मना आहे. तुमच्या घरी कोणी शाळेत शिक्षक असेल तर त्यांना या कामात ओढू नका. शाळेत नोकरी नसलेल्या बाईला ही अडचण नाही.

केंद्र सरकारने जानेवारी २०२४ मध्ये कोचिंग सेंटरसाठी मार्गदर्शक सूचना काढल्या. त्या ५० पेक्षा जास्त विद्यार्थी असणाऱ्या केंद्रांसाठी आहेत. बारा-पंधरा मुलांची घरची शिकवणी त्यात येत नाही. तरी त्यातल्या दोन गोष्टी घेण्यासारख्या आहेत. एका मुलाला निदान एक चौरस मीटर जागा असावी, आणि गुणांची किंवा नंबराची खोटी हमी देऊ नये. दहा बाय बाराच्या खोलीत या मापाने अकरा मुले बसतात. बारावे आले तर दुसरी तुकडी करा.

वर्षाची उलाढाल २० लाखांच्या आत असेल तर जीएसटीची नोंदणी लागत नाही. धंद्याचा कागद हवा असेल तर 'उद्यम' नोंदणी आहे. ती ऑनलाइन होते आणि पूर्ण मोफत आहे. सरकारी फी म्हणून कोणी पैसे मागितले तर देऊ नका. भाड्याच्या घरात असाल तर घरमालकाला आधी विचारा. ग्रामीण भागातल्या गटांनी उमेदच्या किंवा माविमच्या ताईंना सांगून हा उद्योग आपल्या गटाच्या नोंदीत घालून घ्यावा, म्हणजे पुढे बँकेत जाताना उपयोग होतो.

लेकरे आपल्या भरवशावर येतात

शिकवताना दार उघडे ठेवा. कोणतेही मूल एकटे खोलीत घेऊन बसू नका, आणि त्या वेळात घरातल्या पुरुष माणसांची ये-जा मागच्या दाराने असू द्या. मूल कोणाबरोबर घरी जाणार ते वहीत लिहा. हिवाळ्यात सहाच्या आधीच अंधार पडतो, तेव्हा वेळ अलीकडे घ्या. मुलांचे फोटो आईला विचारल्याशिवाय स्टेटसला टाकू नका.

मारायचे नाही. चापट नाही, कान पिळणे नाही, "ढ" म्हणणे नाही. काही आया स्वतःच म्हणतात, "मारा बिनधास्त." त्यांना सांगा की आमच्याकडे तो नियम नाही. एखादे मूल सारखे घाबरलेले दिसले, अंगावर वळ दिसले, तर गप्प बसू नका. चाइल्ड हेल्पलाइनचा नंबर १०९८ आहे, फोन मोफत लागतो.

महिन्याच्या शेवटी काय दाखवायचे?

आई विचारते, "नंबर येईल का?" याला हो म्हणू नका. त्याऐवजी दर महिन्याच्या शेवटच्या शनिवारी तेच चार वाचनाचे कागद पुन्हा वाचून घ्या आणि वहीत लिहा. जुलैमध्ये अक्षरावर होता, सप्टेंबरमध्ये शब्दावर आला, डिसेंबरमध्ये परिच्छेद वाचतो. अडाणी आईलाही हे कानाने कळते, कारण मूल तिच्यासमोर वाचते.

तीन महिन्यांत एखादे मूल जागचे हललेच नाही तर आईला तसे सांगा. डोळे तपासा, कान तपासा, शाळेच्या बाईंशी बोला. डोळ्यांना फळाच दिसत नसेल तर आपण कितीही शिकवून उपयोग नाही.

काही जणी विचारतात, नवोदयची तयारी घेऊ का? आपल्या पारशिवनी तालुक्यात नवेगाव खैरीला जवाहर नवोदय विद्यालय आहे, म्हणून ओढा असतो. सहावीच्या प्रवेशाची ती परीक्षा ८० प्रश्नांची, १०० गुणांची, दोन तासांची असते. त्यातले ४० प्रश्न बुद्धिमत्तेचे, २० अंकगणिताचे, २० भाषेचे. निदान ७५ टक्के जागा ग्रामीण मुलांना असतात. जुन्या प्रश्नपत्रिका तुम्ही स्वतः घड्याळ लावून सोडवून बघा. तुम्हाला त्या वेळेत जमल्या तरच तुकडी घ्या, आणि ती दुसऱ्या वर्षी. जागा थोड्या आणि बसणारी मुले पुष्कळ, हे आईबापाला आधी सांगा.

गटात दोघी शिकलेल्या असतील तर भागीदारी करा. एक गणित घेईल, दुसरी भाषा. एकीच्या घरी लग्न-बाळंतपण आले तर दुसरी सांभाळते आणि मुले तुटत नाहीत. फक्त फीची वाटणी, खोलीचे भाडे धरायचे की नाही, आणि एकीने सोडले तर सतरंज्या कोणाच्या, हे तिघी-चौघींसमोर कागदावर लिहून घ्या.

गटाची पंचसूत्री आपल्याला पाठ आहे: नियमित बैठक, बचत, अंतर्गत कर्ज, परतफेड आणि हिशोब. शिकवणीचा जमाखर्चही दर महिन्याच्या बैठकीत वाचून दाखवा. बाया विचारतील, टोकतील, फी थकवणाऱ्या घराला समजावून सांगायलाही कोणीतरी सोबत येईल.

आता काम असे करा. तुमच्या गटात बारावी किंवा त्यापुढे शिकलेल्या कोण आहेत त्यांची नावे या बैठकीत लिहा. त्यांच्यापैकी जिला इच्छा आहे तिने पुढच्या बैठकीपर्यंत दहा घरे फिरून चार प्रश्नांची उत्तरे वहीत आणावीत. तिच्या सासूबाईंशी किंवा घरच्यांशी बोलायची वेळ आली तर अध्यक्ष ताईंनी सोबत जावे. संध्याकाळचा दीड तास चूल कोण बघणार, हा प्रश्नही त्याच दिवशी मिटवून घ्या, कारण जुलैमध्ये मुले दारात उभी राहतील तेव्हा तो मिटवायला वेळ नसतो.